दिशाभान

तौफिक कुलूप बसवायला आला तेव्हा भूपाल मगदूम नेमके दारातच खुर्ची टाकून बसले होते आणि उठायचं नाव घेत नव्हते.

"बाबा, जरा आत बसता का? त्याला ड्रिल मारायचंय," ऋजुता म्हणाली. ऋजुता त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात नोकरीला होती आणि या कामासाठी खास रजा टाकून मिरजेला आली होती.

"कुलूप कशाला?"

"चोरांसाठी."

भूपालरावांनी तौफिकच्या हातातला तो जाड पोलादी बोल्ट बघितला, मग दार बघितलं, मग लेकीकडे बघितलं. "मग आतल्या बाजूनं कशाला बसवताय? चोर आत आहे होय?"

शेवटी ऋजुताच्या आईनं, त्रिशलाबाईंनी, "अहो, भडंग केलंय, नरम व्हायच्या आत खाऊन घ्या," म्हणून त्यांना उठवलं. माणूस विसरभोळा झाला म्हणजे खुळा झाला असं नव्हे. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

भूपालरावांचा सगळा जन्म मिरजेच्या एसटी स्टँडवर गेला. ते वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली सुटली, हे माइकवरून सांगायचं त्यांचं काम. त्यांच्या आवाजावर लोक घड्याळं लावत. पुढं ते निवृत्त झाले, स्टँडवर आपोआप बोलणारी यंत्रं आली आणि त्यानंतर त्यांची आठवण हळूहळू उसवायला लागली. तरी रोज एक चक्कर स्टँडवर असायचीच. गेल्या वैशाखात अशाच एका चकरेला निघाले आणि संध्याकाळी जयसिंगपूरच्या एका चहाच्या गाड्यावर सापडले. चहावाल्याशी गप्पा अगदी झकास चालल्या होत्या. फक्त घर कुठं आहे ते सांगता येत नव्हतं.

त्या दिवसापासून त्रिशलाबाईंचंही मैदान सुटलं. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली पोरंसुद्धा दचकून पळत सुटावीत. आता नवऱ्याला एकटं टाकून कसं जायचं? घरात बसून बसून बाई गंजायला लागली होती. म्हणजे कुलूप भूपालरावांसाठी होतं तितकंच त्यांच्यासाठीही होतं.

कुलपाचं नाव होतं 'राखण'. दिसायला साधंच. दारात बोल्ट, चौकटीत अंगठ्याएवढा रडार. हा रडार कॅमेऱ्यासारखं चित्र काढत नाही. तो बारीक लहरी सोडतो आणि त्या माणसाच्या अंगावरून परत आल्या की त्यांतून त्याची चाल, त्याचा श्वास, छातीचे ठोके ओळखतो. दारापाशी कोण आलंय हे त्याला अंधारातही कळतं, कारण चालण्याची नक्कल सहीच्या नकलेहून अवघड असते. हे तंत्र तोवर जुनं झालं होतं.

नवं होतं ते 'दिशाभान'. आठवण जायला लागलेल्या माणसाचे पाय आणि तोंड यांची फारकत होते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. माणूस स्वतःच्या घरात बसलेला असतो आणि म्हणतो, मला घरी जायचंय. राखण बनवणाऱ्यांनी हीच खूण मोजायचं ठरवलं. पाय बाहेर आणि बोलणंही बाहेरचं असेल, तर जुळलं, बोल्ट सरकणार. पाय बाहेर आणि बोलणं आतलं, तर काहीतरी बिनसलंय, बोल्ट पडणार. शंका आली की कुलूप गोड आवाजात विचारायचं, "आपण कुठे निघालात?" सरळ उत्तर मिळालं की दार उघडायचं. आग-धूर असला तर न विचारताच उघडायचं. एक रिमोट त्रिशलाबाईंकडे राहणार होता आणि बाकी सगळा ताबा पुण्यात ऋजुताच्या फोनवर. रिमोट कुणाच्या हातात आहे तेही कुलपाला कळायचं. ज्याचं दिशाभान कमी, त्याच्या हातात तो नुसता प्लॅस्टिकचा तुकडा.

तौफिकनं चौकटीत खाच पाडली, बोल्ट बसवला, दोनदा चालवून दाखवला, भुसा झाडून घेतला आणि पिशवी खांद्याला लावली.

"चला, येतो काकू."

खट्! बोल्ट पडला. "आपण कुठे निघालात?" कुलपानं विचारलं.

"घ्या! बसवलं मी, आन् मलाच कोंडलंय," तौफिक हसत म्हणाला. त्यानं आपल्या कार्डानं दार उघडलं. "नवीन हाय, काकू. चार दिवस करतंय असं."

सगळे हसले आणि विसरून गेले.

भूपालरावांचं नाव कुलपात पहिल्या दिवसापासूनच 'रुग्ण' म्हणून भरलेलं होतं. त्यामुळं त्यांच्या बाबतीत ते जराही ढिलाई करत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात कंगवा ठेवला आणि दाराशी आले. "येतो गं," त्यांनी आत आवाज दिला.

खट्! "आपण कुठे निघालात?"

"अरे गाढवा!" भूपालराव भडकले. "माणूस उंबऱ्यात असताना कुठे म्हणून विचारतात होय? कामाची माती करतोस? लांब निघालात का विचार, कधी परतणार विचार. तुला घरात कुणी शिकवलं नाही?"

कुलपानं पुन्हा तेच विचारलं. भूपालराव पुन्हा तेच बोलले. शेवटी शर्टाच्या बाह्या दुमडत ते खुर्चीवर येऊन बसले. असं आठवडाभर चाललं. मग ते दाराशी जाईनासे झाले. कंगवा मात्र रोज खिशात ठेवायचे.

खोटं कशाला सांगा, ते दिवस त्रिशलाबाईंना फार सुखाचे गेले. त्या संध्याकाळी मैदानावर जायच्या, पोटभर ओरडायच्या, घामाघूम होऊन परतायच्या. नवरा घरात सुखरूप, दार पक्कं. "कुलूप कसलं, लाख मोलाची सून मिळालीय मला," असं त्यांनी ऋजुताला फोनवर सांगितलंही.

पण ही सून त्यांचंही बोलणं मनात साठवून ठेवत होती. ज्याची चाल ओळखीची नाही त्याला राखण लगेच अडवत असे, पण घरातल्या धडधाकट माणसाला एका बोलण्यावर नाही. रोजचं थोडं थोडं जमा करायचं आणि मग एकदम निकाल द्यायचं. एका संध्याकाळी त्रिशलाबाई चपला घालता घालता नेहमीसारखं ओरडल्या, "अहो, आलेच हं मी!"

खट्! "आपण कुठे निघालात?"

त्रिशलाबाई चमकल्या. कुठे म्हणून विचारलेलं त्यांनाही आवडलं नाही. त्या नुसतं म्हणाल्या, "इथेच."

"आपण इथेच आहात. आपण कुठे निघालात?"

"अगं बाई! घरातलं कुंकू वाढलंय, तेवढं घेऊन येते. झालं समाधान?"

कुलपानं विचारलं, "वाढलेली वस्तू पुन्हा कशासाठी आणायची आहे?"

त्यांनी रिमोट दाबला. लाल दिवा लागला, बोल्ट हलला नाही. पुन्हा दाबला, तरी तेच. मैदानावर मुली जमल्या असणार आणि ही बाई आपल्याच घरात, आपल्याच दाराशी ताटकळत उभी! संताप संताप झाला त्यांचा. शेवटी ऋजुतानं पुण्याहून दार उघडलं तेव्हा अंधार पडला होता.

"आई, एक विचारू?" फोनवर ऋजुताचा आवाज फार हळू झाला होता. तो हळू आवाजच त्रिशलाबाईंना आधी टोचला. "तुझं दिशाभान लाल पट्ट्यात आलंय."

"तुझं कुलूप बहिरं आहे."

"बहिरं नाही गं. बघ, इथे येतंय, 'वेळ आणि दिशा यांचा गोंधळ. असंबद्ध उत्तरं.' तू काय बोललीस ते मला दिसत नाही, ते लोक खासगी म्हणून ठेवतच नाहीत. पण गोंधळ झालाय एवढं दिसतं. आई, तुला हल्ली... काही विसरायला होतं का?"

ऋजुता पुढं सांगत राहिली. महिनाभर असंच राहिलं तर कुलूप आईचंही नाव रुग्ण म्हणून भरणार. मग रिमोट कायमचा बंद, मैदान बंद. तिनं पुण्यात एक निवास बघून ठेवलाय. दोघांची सोय होईल, बाग आहे, नर्स आहे.

"म्हणजे मलाही खुळ्यात काढलंस," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"तसं नाही गं आई. तू फक्त त्याला सरळ उत्तर देत जा. बाहेर जातेय असं स्पष्ट सांग. बस."

फोन ठेवल्यावर त्या किती तरी वेळ रिमोट हातात धरून बसल्या. खरंच आपलं काही बिघडलं असेल का, ही शंका त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या मनात शिरली. पोटच्या पोरीचा विश्वास यंत्रावर असला, की माणसाला स्वतःचाच भरवसा वाटेनासा होतो.

मुलींचा उपांत्य सामना सांगलीला होता, सकाळचा. त्रिशलाबाईंनी टोपी चढवली, शिट्टी गळ्यात घातली. भूपालराव स्वयंपाकघरात चहा पीत होते.

"येते हो!"

खट्! "आपण कुठे निघालात?"

आज सामन्याच्या दिवशीसुद्धा 'कुठे'? त्यांनी राग गिळला. "सांगलीला. सामना आहे. दुपारपर्यंत येते."

बोल्ट हलला नाही. "आपण येत आहात की निघाला आहात?"

रिमोट दाबला, पुन्हा लाल दिवा. फोन केला. ऋजुता मीटिंगमध्ये, उचलेना. दारापाशी त्या एकदा मागे सरल्या, पुन्हा पुढे आल्या. मुली मैदानात वाट बघत असतील, बाई आल्याशिवाय जोडे बांधायच्या नाहीत. मग त्यांना लेकीचं बोलणं आठवलं. डोळे मिटून, जीभ चावत, आयुष्यात उंबऱ्यावर कधी न उच्चारलेले शब्द त्या बोलल्या.

"मी जाते."

बोल्ट लोण्यात सुरी फिरावी तसा सरकला. दार मोकळं झालं.

मागे कपबशी फुटल्याचा आवाज झाला.

भूपालराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पायाशी चहा सांडलेला. हल्ली त्यांना बायकोचं नावही चटकन आठवत नसे, पण हा शब्द त्यांना बरोबर कळला होता.

"जाते? अगं, जाते काय? काय झालं? मी काही बोललो का तुला?"

"नाही हो. मैदानावर निघालेय, मुलींचा सामना आहे."

"मग जाते कशाला म्हणतेस?" ते सांडलेल्या चहातूनच पुढं आले. "माझी आई अशीच म्हणाली होती. येते म्हण. आधी येते म्हण."

"येते हो," त्रिशलाबाई म्हणाल्या.

खट्! दार लोटायच्या आत बोल्ट पुन्हा पडला.

येते म्हणावं तर दार मिटतं आणि जाते म्हणावं तर माणूस मिटतो. त्रिशलाबाईंनी टोपी काढली, नवऱ्याचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं, काचा गोळा केल्या आणि त्या गोळा करता करता रडल्या. सांगलीला मुली एका गुणानं हरल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला फोनवर झाडून काढलं. "ये आणि तुझं ते कुलूप उचलून घेऊन जा!" चिडचिड हेही एक लक्षण आहे, असं ऋजुतानं कुठंतरी वाचलं होतं. शनिवारी ती आली ती डॉक्टरांची वेळ ठरवूनच.

डॉक्टरांनी त्रिशलाबाईंना चित्रं दाखवली, गोष्ट सांगून पुन्हा सांगायला लावली, शंभरापासून उलटं मोजायला लावलं. मग चष्मा काढून ऋजुताला म्हणाले, "तुमच्या आईंची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे. कुलूपच दाखवा कुणाला तरी."

मायलेकी रिक्षातून घरी आल्या. एकीला सुटल्यासारखं वाटत होतं, दुसरीला शरमल्यासारखं, आणि दोघीही वाटभर भाजीच्या भावाबद्दल बोलल्या. कुलूप असं का वागतं, याचा उलगडा काही होईना.

रविवारी दुपारी ऋजुता परत निघाली. एरवी मित्रमैत्रिणींना, ऑफिसात, सोसायटीत ती सगळीकडे 'बाय' म्हणायची. पण आईच्या उंबऱ्यावर तिची जीभ तिचं ऐकत नसे. तिनं बॅग उचलली, वाकून दोघांच्या पाया पडली.

"येते आई. बाबा, येते हं."

खट्!

हातातला फोन थरथरला. तिनं बघितलं. स्वतःच्याच फोनवर स्वतःबद्दलचा निरोप होता, 'दारातील व्यक्ती. दिशाभान अपुरं.'

"आपण कुठे निघालात?" कुलपानं विचारलं.

"अरे, आत्ता येते म्हटलं ना तुला! कळत नाही का, मी ये..." ऋजुता मध्येच थांबली. तिनं आईकडे बघितलं. आईनं तिच्याकडे बघितलं. दोघींच्या डोळ्यांत एकदमच उजेड पडला.

खुर्चीतून भूपालराव बोलले, तेही अगदी माइकवरच्या जुन्या, स्वच्छ आवाजात. "त्याला आपला डेपो माहीत नाही. आपल्या डेपोची गाडी सुटली की आम्ही म्हणायचो, येईल. परक्या डेपोची सुटली की म्हणायचो, गेली. फलाटावरून दोन्ही सारख्याच सुटतात. मुक्काम कुठला, ते ठाऊक पाहिजे."

ऋजुता मटकन खाली बसली आणि हसत सुटली. हसता हसता तिला तौफिक आठवला, तोही 'येतो काकू' म्हणून अडकला होता. हे कुलूप मोठ्या शहरातल्या इमारतींत तपासलं होतं, जिथं लोक बाय म्हणून बाहेर पडतात. मराठी त्याला शिकवली होती खरी, पण येणं म्हणजे आत आणि जाणं म्हणजे बाहेर, एवढीच. आपल्याकडे निघणारा माणूस येतो म्हणतो, पाच मिनिटांत परतणारी बाई आलेच म्हणते आणि संपलेलं कुंकू वाढतं, हे त्याला कोण सांगणार?

तिनं तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडच्या आवाजानं नोंद घेतल्याचं सांगितलं. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होईल, तोवर घरच्यांनी 'येते' हा शब्द टाळावा.

"टाळा म्हणे!" ऋजुता पुन्हा हसायला लागली.

त्रिशलाबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांचं लक्ष नवऱ्याच्या खिशातल्या कंगव्याकडे गेलं होतं.

"ऋजू, म्हणजे यांनाही ते..."

ऋजुताचं हसू मावळलं. तिनं फोनवर मागचे निकाल काढले. बाबा दाराशी आले, अडवले. आले, अडवले. पण कारण एकच, पाय बाहेर, बोलणं आतलं. 'येतो गं.' यातल्या कुठल्या दिवशी ते खरंच भरकटलेले होते आणि कुठल्या दिवशी सरळ स्टँडवर जाऊन घरी येणार होते, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. जयसिंगपूर खरं होतं. आजारही खरा होता. पण आईनं लहानपणी शिकवलेला एक चांगला शब्द रोज न चुकता उच्चारला म्हणून तो माणूस कोंडला गेला होता आणि त्रिशलाबाई तेव्हा शिट्टी फुंकत मैदानावर पळत होत्या. "मी लाख मोलाची सून म्हटलं होतं गं त्याला," त्या म्हणाल्या.

"काढून टाकू का आई? तौफिकला बोलावते."

त्रिशलाबाईंनी बराच विचार केला. जयसिंगपूरही त्यांना विसरता येत नव्हतं. "राहू दे. पण त्याची वाचा बंद कर. त्यानं विचारायचं नाही, मोजायचं नाही, निकाल द्यायचा नाही. दार उघडायचं की नाही, ते मी ठरवणार. रिमोट सगळा माझ्याकडे दे."

"आणि तुझा अंदाज चुकला तर?"

"चुकला तर माझा चुकला. माझं माणूस आहे."

ऋजुतानं तसं करून दिलं. फक्त दार उघडं राहिलं तर आपल्या फोनवर कळावं, तेवढं मात्र तिनं ठेवून घेतलं. लेकीची जात, त्यात तिचीही काही चूक नव्हती.

पुढं काही दिवस भूपालराव दाराकडे फिरकलेच नाहीत. मग एका दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाराशी येऊन उभे राहिले. आधी त्यांनी कुलपाकडे बिचकत बघितलं. कुलूप गप्प.

"येतो गं," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

त्रिशलाबाई रिमोट घेऊन मागे उभ्या होत्या. आज वार कोणता, घर कुठल्या गल्लीत, विचारावं का, असं त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. चपला बरोबर घातल्या होत्या, डावी डाव्या पायात. भांग नीट पाडलेला होता. डोळे आज निवळलेले वाटत होते. वाटत होते, एवढंच, खात्री कशाचीच नव्हती.

भूपालराव अजून उभेच होते. आणि मग त्रिशलाबाईंच्या लक्षात आलं, की माणूस येतो म्हणून थांबतो तो कशासाठी? इतके दिवस त्या येतोला या घरातून खट् सोडून कुणी उत्तरच दिलं नव्हतं.

"या," त्रिशलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

भूपालराव पायऱ्या उतरले, फाटकाची कडी मागे वळून नीट लावली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले. ते वळणाआड होईपर्यंत त्रिशलाबाई बघत राहिल्या. मग त्यांनी भूपालरावांची खुर्ची दारात ओढली आणि तिच्यावर बसल्या. दार त्यांनी लावलं नाही. छाती अशी धडधडत होती की चौकटीतल्या त्या रडारलाही ऐकू गेली असेल.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"आई, दार उघडं का राहिलंय? बाबा आहेत ना घरात?"

"नाहीत."

"नाहीत? अगं, कुठे गेलेत?"

"कुठे म्हणून विचारू नये, ऋजू," रस्त्यावरची नजर न काढता त्रिशलाबाई म्हणाल्या. "आणि गेले नाहीत ते. येतो म्हणालेत. आपल्या डेपोची गाडी आहे. येईल."